काकाच्या नळीतला बार

१९ जानेवारी, सोमवार. सकाळी ९.४०
आज सव्वानऊ वाजता, इंझोरीच्या एस.टी. थांब्यावर, माझं आयुष्य बदललं. नोंद राहावी म्हणून ही वही. फिजिक्सची जुनी आहे. मागची पानं कोरी आहेत. पुढचीही बरीच.

रंजीता कॉलेजला निघाली होती. तीस तारखेला तिचा साखरपुडा, जऊळक्याच्या राजपालशी. मी म्हटलं, थोडी थांब. ती म्हणे, "कायले थांबू? वीरेंद्र, तुले सुरू करता येते, पुरं करता येत नाही. बी.एस्सी. अर्धी, मिशी अर्धी." सगळा थांबा हसला. बी.एस्सी. मी तत्त्वासाठी सोडली, हे सांगेपर्यंत बस गेली.

ठरलं. तीसच्या आत एक काम पुरं करून दाखवायचं. तिच्या बापाच्या, सेवालालच्या, हरभऱ्यात रोज रानडुकरं घुसतात. ती मी हाकलणार. बाबूसिंग काकाच्या बंदुकीनं.

दुपारी ३
अडचण एकच. बंदूक भरलेली आहे. गेल्या वर्षी हरभऱ्याच्या राखणीला काकानं बार भरला, मचाणावर चढला आणि छातीत कळ येऊन तिथंच गेला. काका गेला, बार राहिला. बंदूक आतल्या खोलीत खुंटीला. बेबीकाकी शनिवारी तिला उदबत्ती लावते. म्हणते, "तो गेला नाही, नळीत हाय. हात लावजो नको, खोकलते."

मायबाप ऊसतोडीला गेल्यापासून मी तांड्यावर काकीकडेच राहतो. खोकला मीही ऐकलाय. पण मी विज्ञानाचा माणूस.

२० जानेवारी
अभ्यास केला. भरमार बंदूक. तोंडातून दारू, मग चिंधी, मग गोळी, वरून गजानं ठासायचं. चाप ओढला की घोडा टोपीवर, म्हणजे ठिणगी देणाऱ्या छोट्या वाटीवर, आपटतो, दारू पेटते, तिचा वायू होतो, वायूला जागा पाहिजे, तो गोळीला ढकलतो. सगळ्यात जास्त जोर अगदी सुरुवातीला. पुढे नुसता वेग वाढत जातो. रायफलच्या नळीत आटे असतात, गोळी गरगर फिरत निघते, म्हणून सरळ जाते. काकाची नळी गुळगुळीत. गोळी सैल. ती डावीउजवीकडे आपटत येते आणि शेवटची आपट जिकडे ढकलेल तिकडे जाते. म्हणून काकाला जन्मात एक डुक्कर लागलं नाही.

गोळी नळीत राहते ती सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरती. ही गोळी जवळजवळ वर्षभर आत आहे. तिथं अंधारात ती काय करत असेल? पुस्तकात काही नाही. मी सोडलेल्या धड्यांत असेल.

२१ जानेवारी. संध्याकाळी ६
काकी मागं भाकरी थापत होती. आत गेलो. नळीला हात लावला. थंड. एवढी थंड वस्तू या घरात दुसरी नाही. बाजूनं कान टेकवला. आत वारा फिरतो तसं काहीतरी. मग खोकला. काकाचाच. दोन छोटे, एक लांब.
घाबरलो नाही. बाहेर एक काम आठवलं.

२३ जानेवारी
रंजीताला फोन करायचा नाही, हा नियम. सात वेळा केला, पण तिनं उचलला नाही, म्हणजे नियम मोडला असं म्हणता येणार नाही.
थांब्यावर राजपालची गाडी उभी दिसली. डोकं फिरलं. लाथ घातली. गाडी माझ्याच पायावर पडली. राजपालनं ती उचलली, मला बसवलं, चहा पाजला. म्हणे, "लागलं काहो भाऊ?" असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं.

२५ जानेवारी
मिशी पूर्ण काढली. अर्धं काही ठेवायचं नाही. काकीनं पाहिलं आणि विचारलं, कोण गेलं?

२७ जानेवारी
ठाण्यातून निरोप. परवाना मेलेल्या माणसाच्या नावाचा, बंदूक जमा करा. परवा हवालदार न्यायला येणार. काकी भाकरी भाजत होती. तव्यावरची भाकर जळून गेली तरी उलटली नाही.
उद्याच करायला पाहिजे.

२८ जानेवारी. रात्री ८
दिवस मावळता काकी सेवालालकडे गहू निवडायला गेली. बंदूक काढली. उदबत्तीची राख अंगावर सांडली. टोपी बसवली, सेवालालच्या शेतातल्या मचाणावर चढलो. सात डुकरं आली. मनात म्हटलं, काका, सोड आता. चाप ओढला.
टिक.
दुसरी टोपी. टिक. डुकरांनी वर पाहिलं आणि परत खायला लागली.
तेवढ्यात मचाणाच्या बरोबर खाली, तुरीत, खोकला. दोन छोटे, एक लांब.
पळालो. बंदूक घेऊनच पळालो, एवढं नमूद करतो.
निष्कर्ष: दारू दमट नाही, टोपी वाईट नाही. काकानं गोळी आतून धरून ठेवली आहे.

२९ जानेवारी
हवालदार आला. अर्धा तांडा जमला, रंजीताही. मी सगळ्यांना मागं सारलं. म्हटलं, बार आहे, दोनदा अडकलाय, कधीही सुटेल. हवालदार कडब्यामागं गेला.
काकी आली. पदर खोचला, गज नळीत सोडला. गजाला काकानं लाल दोरा बांधलेला. दोरा बाहेर राहिला तर बंदूक भरलेली, आत गेला तर खाली, म्हणजे रिकामी. एवढं तांड्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत. दोरा सर्रकन आत गेला.
"तेराव्याच्या दुसऱ्या दिवशीच नळीत पाणी ओतलं म्या," काकी म्हणे, "सारं काढून फेकलं."
मग खोकला?
"मी. भिताडाच्या मागून. काल तुरीत बी मीच होती, तुह्या मागं पळता पळता जीव गेला माहा. सराची कॉलर धरून कॉलेजातून आला तू. बंदूक खाली हाय म्हटलं असतं तर तू भरली असती. तुह्या डोक्यात बार काय कमी हाय?"
तांडा हसला. हवालदार सगळ्यात जास्त. रंजीता हसली नाही. ते जास्त वाईट. जाताना म्हणे, "उद्या सकाळी खुर्च्या लावाले येजो. माणसं कमी हायेत."

संध्याकाळी
काकी रिकाम्या खुंटीसमोर बसून आहे. मी विचारलं, काकी, सगळ्याच वेळी तूच? एकदाही काका नाही?
म्हणे, "एकडाव जरी खोकलला असता, बापा, तर मी कायले खोकलली असती?"
घरात आवाज नाही. मी उगीच थोडा खोकलो. तिनं मान वर केली, मग खाली घातली.

३० जानेवारी. सकाळी ७.३०
सेवालालच्या मांडवात दोनशे खुर्च्या आहेत. एकही अर्धी ठेवणार नाही.
काकी झोपली आहे. वर्षात पहिल्यांदा एवढा वेळ. चहा झाकून ठेवलाय.
वही ठेवतो. निघतो. दार हळू ओढून घेतो.