कुंपणापलीकडच्या अळूबाबत

प्रति,
मा. श्रीमती मॅकलिऑड,
लोकसंपर्क अधिकारी,
रेल्वे यार्ड पुनर्विकास कार्यालय.

विषय : अर्जदारावर अतिक्रमणाची कारवाई तातडीने होण्याबाबत.
संदर्भ : आपले पत्रक 'नवी वस्ती, हिरवी वस्ती', पान तीनवरील छायाचित्र.

महोदया,

'हरकती कोणत्याही भाषेत पाठवा, भाषांतर आम्ही करून घेऊ' असे आपल्या पत्रकात छापले आहे. त्यावर विसंबून हा अर्ज मराठीत आहे. भाषांतरकाराने अळूला पालक म्हणू नये, ही पहिली विनंती.

१. अर्जदार देवदत्त आजगावकर हा मुलगा निमिष व सून उत्कर्षा यांच्याकडे राहतो. घराच्या कुंपणामागे बंद पडलेले रेल्वे यार्ड आहे. रुळांखालच्या जुन्या नळातून तिथे पाणी झिरपते. त्यावर रॉकेलसारखा तवंग असतो. गेल्या हिवाळ्यात ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करून अर्जदाराची कंबर मोडली, पण त्या तुकड्यावर बर्फ ठरला नाही. शहाण्या माणसाने यावरून काय ते ओळखावे. अर्जदाराने ओळखले की इथे अळू छान येईल. त्याच्या गावी अळू मोरीच्या तोंडाशीच लावतात. ते घाण पाण्यावरच पोसते. निमिष म्हणाला, "बाबा, ते ट्रेसपासिंग आहे हं." अर्जदार म्हणाला, "गाडी आली की तिला विचारतो."

२. मे महिन्यात ग्रोसरीतले कंद लावले. ऑगस्टपर्यंत पाने सुपाएवढी झाली. उत्कर्षाला दिवस गेलेले. तिच्या पोटात दुसरे काही टिकत नव्हते, अळूवड्या मात्र टिकत. खाल्ल्यावर ओठ चुरचुरतात, जीभ जड होते, असे ती म्हणे. अळू खाजतेच, चिंच कमी पडली, असे घरात सर्वांनी, आणि सर्वांत मोठ्याने अर्जदाराने, सांगितले. पुढच्या खेपेस चिंच वाढवली. जीभ जडच राहिली.

३. सप्टेंबरात आपल्या कार्यालयाची माणसे आली : पांढरे झगे, रबरी बूट, तोंडावर मुखवटे. अर्जदार चपलांवर वाफ्यात उभा होता. त्यांनी माती घेतली, अळू मुळासकट उपटून पिशव्यांत भरले आणि वर स्वतःचे हातमोजेही भरले. एकाने अर्जदाराच्या चपलांकडे पाहिले व नजर वळवली. काय सापडले, असे विचारता म्हणाला, "ऑफिसला विचारा, सर."

४. ऑफिसला विचारले. उत्तर आले, की यार्डात पीक घेतल्याची नोंदच नाही, सबब पिकाखालच्या मातीचा अहवाल कोणाला देता येत नाही. त्याच आठवड्यात आपले पत्रक घरी आले. पान तीनवर अर्जदाराचेच अळू आहे; खाली मजकूर, 'ही माती आजही रहिवाशांना पोसते.' म्हणजे अळू घरे विकण्यापुरते आहे, चौकशीपुरते नाही.

५. अर्जदाराला असे कळते, की अतिक्रमणाचा खटला झाला तर पुरावे आरोपीला दाखवणे फिर्यादीला भाग पडते. सबब अर्जदार लेखी देतो : जमीन आपल्या कार्यालयाची, कंद अर्जदाराचे, कुंपणाची फळी त्यानेच काढली. कृपया पकडावे. निमिष म्हणतो, "बाबा, तुमचा पीआर जाईल, इथे कायमचं राहता येणार नाही." जाईना का. उत्कर्षाला आठवा लागला आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, "रक्तात काय शोधायचं ते सांगा, लगेच टेस्ट करते." तेवढे नाव हवे आहे, आणि ते आपल्या कपाटात आहे.

६. आणखी एक. ऑगस्टात आपल्या कार्यालयाने रहिवाशांसाठी ठेवलेल्या ओपन हाउसला अर्जदाराने ताट भरून वड्या आणल्या होत्या. आपण आवडीने खाल्ल्या, रेसिपीही विचारली. मग ओठांना बोट लावून हसत म्हणालात, "स्पायसी." अर्जदाराने भिडेखातर मान हलवली. त्या वड्यांत मिरची नव्हती.

आपला, कारवाईच्या प्रतीक्षेत,
देवदत्त आजगावकर
दि. १४ ऑक्टोबर

सोबत :
पत्रकाचे पान तीन.
फ्रीजरमध्ये उरलेला अळूवडीचा उंडा, दोन पिशव्यांत बांधून. खाऊ नये.