सावरीला कापूस म्हणणारी सीडी

२८ जून २००६
संगणक आला. टेम्पोतून, दोन खोक्यांत. हेडमास्तर गावंडे सरांनी नारळ फोडला, हार घातला, अगरबत्ती ओवाळली. मग प्लास्टिकचं कव्हर चढवून ऑफिसला कुलूप. पोरं खिडकीला लटकलेली. "हात नका लावू रे, दुरून पाहा. सरकारी वस्तू आहे." शाळाही सरकारीच आहे. तिसरीच्या वर्गाचं छत तीन पावसाळे गळून राह्यलं, त्याला कोणी हार घातला नाही.
यंदा गावावर सगळ्यांचीच माया उतू चाललीय. कापसाच्या कर्जापायी माणसं गेली अन् गाव पेपरात आलं. आधी कॅमेरे आले, मग साहेब आले, आता हे खोकं.

१२ जुलै
राळेगावला ट्रेनिंग. चकचकीत बुटांचा एक पोरगेला माणूस, बोलताना टाचांवर उभा राहणारा. "खडू-फळ्याचा जमाना संपला, मॅडम!" टाळ्या. दहाव्या मिनिटाला लाइट गेली ती गेलीच. मग त्याने खडू मागितला. फळ्यावर माऊस काढला, डावं बटण, उजवं बटण. आम्ही सगळ्यांनी वहीत आकृती काढून नावं दिली. मागच्या बाकावरच्या एका गुरुजींनी शेपटीला रंग दिला.
प्रमाणपत्र मिळालं. मी आता संगणक-प्रशिक्षित. माऊसला अजून हात लागलेला नाही.

३ ऑगस्ट
आज उद्घाटनाचा पाठ. माझी तिसरी-चौथी ऑफिसात कोंबली. गावंडे सरांनी सीडी लावली. गोड आवाजाची बाई: "बालमित्रांनो, आज आपण कापसाची ओळख करून घेऊ." कापसाची ओळख! शाळेच्या तिन्ही बाजूंना कापसाचीच पराटी उभी. माझ्या वर्गातली निम्मी पोरं चालायला लागली तेव्हापासून बोंडं फोडतात. आणि पडद्यावर काय, तर उंचच उंच झाड, खोडाला काटे, फांदीवर फुटलेली बोंडं.
मागून कोणीतरी बोललं, "सावर."
सगळी पोरं हसली. खरंच, सावरच होती ती. उशीत भरायचा तो कापूस, सूत काढायचा नव्हे. पण मी सीडीवर हसले नाही, मागे वळून पाह्यलं. बोलली होती लक्ष्मी.
लक्ष्मी कोलामांच्या पोडावरची. नाल्यापलीकडच्या त्या आदिवासी वस्तीतून चालत येते. दोन वर्षं माझ्या वर्गात आहे, हजेरीलासुद्धा नुसता हात वर करते. मी तिच्या प्रगतिपुस्तकात लिहिलंय: बोलत नाही. समज कमी.
सरांना म्हटलं, सीडी चुकीची आहे, कळवा. "बाई, वरून आली सीडी. ते चुकतीन काय?"

९ ऑगस्ट
चार दिवस लक्ष्मीच्या मागे. सावर कुठे पाह्यली? फुलं कधी येतात? नुसती बघते. शेवटी सातवीतल्या सुनीताला विचारलं, तीपण त्याच पोडावरची. हे मुकं आहे का गं?
"कायचं मुकं, बाई! घरी तोंड बंद नाही राहत तिचं. तुमच्या भाषेत नाही बोलत."
तुमच्या भाषेत. अठरा वर्षं नोकरी झाली माझी. बालमानसशास्त्रात पहिला वर्ग होता डी.एड.ला. ट्रेनिंगमधल्या त्या बूटवाल्याला हसत होते मी.

२४ ऑगस्ट
गावंडे सर मीटिंगला, किल्ली माझ्याकडे. साडेदहाला लाइट होती. खोक्यात कानाला लावायचं यंत्र, त्याला पुढे माईक, अजून पिशवीतच. सुनीताच्या मदतीने लावलं. लाल बटण दाबलं की आवाज भरतो. पण साठ सेकंदांनी आपोआप थांबतं, परत दाबावं लागतं. करोडोंची योजना अन् श्वास एवढाच!
लक्ष्मीला म्हटलं, सावरीचं सांग. तुझ्या भाषेत सांग. मले नाही समजलं तरी चालते.
ती माईककडे पाहत राह्यली. पहिलं मिनिट रिकामंच गेलं. दुसऱ्यात एक शब्द. मग जे सुरू झालं! बटण सुटलं की मी दाबायची. पाचव्यांदा मी विसरले, तर बोलता बोलता तिनेच बोट पुढे करून दाबलं. अकरा वेळा बटण.
सुनीताने अर्थ सांगितला. सावरीची लाल फुलं खाली पडली की हरणं खायला येतात. फुलं अर्धी कुरतडलेली असली तर हरण नुकतंच गेलं, बाबा तिथून हळू चालायला सांगतात. कापूस उडायला लागला की धाकटी बहीण त्याच्यामागे पळते, एकदा नाल्यात पडली, हिनेच केस धरून ओढलं.
समज कमी.
स्वतःचा आवाज ऐकला तेव्हा तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग बोट दाखवलं. परत. परत. लाइट जाईपर्यंत.

१५ सप्टेंबर
सर नसले की आमचा वर्ग ऑफिसात. आता सगळ्यांनाच लाल बटण पाहिजे. लक्ष्मी एक कोलामी शब्द बोलते, दुसरं पोर त्याचा मराठी. पाऊस, भाकर, विंचू, आत्या. मराठी पोरांची जीभ वळत नाही, लक्ष्मी हसते अन् परत म्हणायला लावते. काल मला म्हणाली, "बाई, खडू द्या." तीन शब्द. मी दिला आणि खिडकीकडे तोंड करून उभी राह्यले.
केंद्रप्रमुख साहेब पाहणीला आले. संगणकाच्या कव्हरवर बोट फिरवलं, धूळ नाही, खूश. आत काय आहे ते विचारलंसुद्धा नाही.

११ ऑक्टोबर
लक्ष्मीची आई आली. पदराला वेचणीची माती. नाव कमी करा म्हणाली.
काहून?
"कापूस फुटून राह्यला, बाई. अन् ते शाळेत बोलत नाही, समजत नाही. तुमीच तं लिवलं कागदावर. सुनीतानं वाचून दाखोलं."
माझंच अक्षर माझ्या तोंडावर. मी तिला ऑफिसात नेलं, यंत्र कानाला लावलं, लक्ष्मीचा आवाज ऐकवला. वाटलं होतं, बाईच्या डोळ्यांत पाणी येईल. फारच पुस्तकी आहे मी. तिने शेवटपर्यंत ऐकलं अन् यंत्र काढून माझ्या हातात दिलं.
"हे तं मले घरीबी ऐकू येते."
जाता जाता म्हणाली, "दिवाळीनंतर पाहू. तवरिक येईन ते."
नाव कमी केलं नाही.

२२ नोव्हेंबर
शाळा 'आदर्श डिजिटल शाळा' होणार. त्यासाठी फिल्म. केंद्रप्रमुख स्वतः दिग्दर्शक, गळ्यात रुमाल. फिल्मचे दोन भाग: संगणकाआधी आणि संगणकानंतर. आधीच्या भागात मी कंटाळवाणी बाई, हातात पट्टी. "जरा रागीट दिसा, मॅडम." ते मला सोपं गेलं.
पोरांना म्हणाले, कंटाळल्यासारखं करा. कॅमेरा सुरू होताच सगळ्या वर्गाने माना खाली घातल्या, ओठ पाडले, दोन पोरींनी डोळ्याला हात लावला. केंद्रप्रमुख वैतागले. "अरे, कोणी मेलं काय?" एक पोरगी म्हणाली, "पेपरवाले आलते तवा असंच करा म्हणत, सर." मग केंद्रप्रमुखांनी स्वतः जांभई देऊन दाखवली.
नंतरचा भाग. पोरं हसरी, संगणक हार घालून. लक्ष्मी नवीन रिबिनी बांधून आलेली, म्हणून तिला पुढे घेतलं. कॅमेऱ्यात बघून म्हणायचं: मला संगणक खूप आवडतो. माईक तिच्या तोंडासमोर धरला. अन् माईक म्हटल्यावर तिला काय माहीत होतं तेच तिने केलं. कोलामीत सांगायला लागली, हात हलवून, झाड किती उंच ते दाखवत.
"कट, कट! हे काय बोलून राह्यली? मराठीत बोल!"
ती थांबली. मी मधे पडले, साहेब, हेच तर दाखवा, ही दोन वर्षं बोलत नव्हती. तर म्हणतात, "मॅडम, वर समजलं पाहिजे ना." दंडाला धरून तिला मागच्या रांगेत नेलं. पुढे सरपंचाच्या पुतणीला बसवलं. ती छान बोलली.
मी तिथेच उभी होते, हातात पट्टी धरून.

२४ नोव्हेंबर
संगणक उघडला. आवाज गायब. सगळे. लक्ष्मीचे, शब्दांचे, सगळे.
गावंडे सर: "फिल्मले जागा कमी पडत होती. फालतू फायली होत्या, बाई. आदिवासी भाषेतलं काहीतरी. कोणाले समजते ते?"
म्हटलं, मले नाही समजत, म्हणूनच ठेवलं होतं.
"मंग समजत नाही तं कायले ठेवता?"
माणूस वाईट नाही. हेच तर वाईट आहे.
लक्ष्मी काल आली नाही. आजही नाही.

४ डिसेंबर
आदर्श शाळेचं पत्र आलं. पेढे. मला अभिप्राय लिहायला कागद दिलाय, 'तंत्रज्ञानामुळे माझ्या अध्यापनात झालेला बदल'. ठराविक वाक्यांचा नमुनाही सोबत, म्हणजे विचार करायचा त्रास नको. मी लिहिलं की त्यांनी तिचा आवाज पुसला. फाडलं. मग लिहिलं की तिला मंद मी ठरवलं होतं, संगणकाने नाही. तेही फाडलं. दुसरं जास्त खरं होतं म्हणून.
प्रगतिपुस्तकातली ती ओळ मात्र खोडली. वर सही केली, तारीख टाकली. कोणी विचारलं तर विचारो.

१० डिसेंबर, रविवार
पोडावर गेले. नाल्यात गुडघ्याएवढं पाणी, चप्पल हातात. लक्ष्मीच्या घरी कोणी नव्हतं, सगळे वेचणीला. सुनीताने वावर दाखवलं.
लक्ष्मी ओळीत होती, कमरेला कापसाची ओटी बांधून, आईच्या पुढे दोन झाडं. मला पाह्यलं अन् वेचत राह्यली. मी तिच्या बाजूच्या ओळीला लागले. बोंडाची टोकं बोटात घुसतात. तिचा हात माझ्या दुप्पट चालतो. आई म्हणाली, "बाई, तुमाले नाही जमत, राहू द्या." राहू दिलं नाही.
बांधाशी आल्यावर लक्ष्मीने मला काहीतरी विचारलं. कोलामीत. माझ्याकडे पाहून, सरळ.
नाही समजलं. आईला विचारावं म्हणून वळले, तर लक्ष्मीने मान हलवली. नाही. मला. तिने परत विचारलं, सावकाश, एक-एक शब्द सोडवून, जसं पहिलीच्या पोरांना अक्षर सांगतात. मी ते तसंच्या तसं म्हणायला गेले. ती हसली. चूक. परत म्हटलं. चूक. तिसऱ्यांदा तिने माझी हनुवटी धरली अन् ओठ कसे करायचे ते करून दाखवलं.
चौथ्यांदा बहुतेक जमलं. तिने ओटी सावरली अन् पुढच्या झाडाला लागली. शाळेचं मी विचारलं नाही. प्रश्न काय होता ते अजून मला माहीत नाही.