चांदण्यात न तोडलेला साग

बाबा, काल मी चांदीपला जाऊन आले. ज्याच्या बांधावरचा साग तू होडीसाठी ठरवला होतास, त्या शेतकऱ्याने आता अंथरूण धरलंय असं कळलं, म्हणून भेटायला गेले होते. त्याने मला लगेच ओळखलं. बोलता बोलता तो जे सांगून गेला ते तुला लिहिल्याशिवाय मला चैन पडेना. तू गेलास त्याला इतकी वर्षं झाली आहेत की हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्नच येत नाही. पण आधी माझी बाजू ऐक, म्हणजे मी तुझ्यावर इतकी वर्षं का चिडून होते ते तुला कळेल.

तू जन्मभर दुसऱ्याच्या होडीवर खलाशी होतास. आणीबाणी उठल्यानंतरच्या त्या वर्षांत तुझ्या डोक्यात स्वतःच्या होडीने घर केलं. धाकटा तेव्हा नुकताच तुझ्याबरोबर समुद्रावर यायला लागला होता. बापलेक एका होडीवर, आणि होडी आपली, एवढंच तुझं मागणं होतं. आई सुके बोंबील घेऊन पूर्वेच्या गावांत जायची आणि त्याच्या बदल्यात तांदूळ आणायची. चांदीपचं ते घर तिचं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या बांधावरचा सरळसोट साग तिनेच पाहिला आणि घरी येऊन तुला सांगितला. तू गेलास, झाडाला मिठी मारून घेर बघितलास, आणि शेतकऱ्याने तिथल्या तिथे हो म्हटलं. कळंबच्या सुताराला तू त्याच संध्याकाळी सांगून आलास. आई तव्यावर भाकरी टाकत होती आणि तू चुलीपुढच्या राखेत बोटाने होडीची नाळ, तिचं पुढचं टोक, काढून दाखवत होतास. मला ते अजून दिसतं. धाकटा मान हलवतोय, आणि त्याचे ओले कपडे दारात टपटपतायत.

झाड शेतकऱ्याचं, जमीन शेतकऱ्याची, पण साग तोडायचा तर जंगलखात्याची परवानगी हवी. हे ऐकून तू हसलास. तुला वाटलं, एक अर्ज केला की झालं. मग सातबारा आला, तलाठ्याचा दाखला आला, बांध नक्की कोणाचा याची मोजणी आली. मोजणीवाला आला तेव्हा भात उभं होतं, म्हणून तो परत गेला. मग साहेबांची बदली झाली आणि नवीन साहेबांनी कागद पहिल्यापासून मागितले. त्यात मी नुकतीच एका सरकारी कचेरीत टायपिस्ट म्हणून लागलेले. खातं वेगळं, कचेरी वेगळी, पण तुझ्या लेखी सगळं एकच. मी संध्याकाळी चप्पल काढायच्या आत तू विचारायचास, "काय गो, तुजा सरकार काय बोलते?" जणू मी दिवसभर तुझाच साग टेबलाखाली लपवून बसले होते.

मी तेव्हा सरकारची बाजू घेऊन भांडायचे. आजही थोडी घेईन. ठेकेदारांनी पूर्वेचे डोंगर कसे बोडके केले होते ते तूही पाहिलं होतंस. मालकीच्या झाडाच्या पासावर सरकारी जंगलातला माल ट्रकमधून जायचा, हे सगळ्या तालुक्याला माहीत होतं. म्हणून नियम कडक केला, त्यात चूक नव्हती. पण ज्याला शंभर झाडं चोरायची होती त्याचा ट्रक कधी अडला नाही, आणि तुझं एक झाड तीन टेबलांवर फिरत राहिलं. नियम करणाऱ्याने माणसं किती लागतील याचा विचार केला नव्हता. एवढ्या मोठ्या भागात फिरायला त्यांच्याकडे एकच गार्ड होता, आणि त्याची सायकलही त्याची स्वतःची. हे मी तुला सांगितलं तेव्हा तू म्हणालास, "मंग त्याला सायकल देऊ का मी?"

परवानगी येईपर्यंत म्हणून धाकट्याने स्टेशनच्या पूर्वेला, नवीन उठलेल्या गाळ्यांपैकी एका पत्र्याच्या कारखान्यात काम धरलं. चार महिन्यांसाठी म्हणाला होता. पण तो कारखान्यात रमला. हे आपल्याला सगळ्यांना दिसत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. तो इस्त्रीचा शर्ट घालून जायचा, रात्रभर झोपायचा, रविवारी क्रिकेट खेळायचा. वारं उठलं की आई आता फक्त तुझ्यासाठी दारात उभी राहायची. तू जेवताना त्याला मशीनचं काहीबाही विचारायचास आणि तो सांगत असताना भात कालवणं थांबवायचास.

आणि मग परवानगी आली. कागदावर मुदत होती, पण ती सही झाल्या दिवसापासून. सही होऊन तो कागद कुठल्या तरी पेटीत पडून राहिला होता, त्यामुळे हातात आला तेव्हा मुदतीचे शेवटचे दिवस उरले होते. नेमकी अमावास्या होऊन गेलेली. लाकूड काळोखाच्या पंधरवड्यातच तोडायचं, चांदण्याच्या पंधरवड्यात तोडलं की त्याला भुंगा लागतो, हे आपल्याकडे पोरासोरांनाही माहीत. तरी मला वाटलं, इतकं थांबल्यावर तू चंद्राकडे बघणार नाहीस. तू चांदीपला गेलास आणि रिकाम्या हाताने परत आलास. म्हणालास, "चांदन्यात नाय तोडायचा. पुढच्या काळोखात बगू." पुढच्या काळोखापर्यंत मुदत संपणार हे मी तुला ओरडून सांगितलं. तुला अडाणी म्हणाले. तू मला एवढंच म्हणालास, "बापाला शिकवू नको." आणि जाळं घेऊन ओटीवर बसलास.

नवीन अर्ज तू कधी केलाच नाहीस. धाकटा कारखान्यात कायम झाला, तिथेच वरच्या जागेवर गेला, त्याचा संसार उभा राहिला. तू मात्र हातपाय चालेनासे होईपर्यंत दुसऱ्याच्याच होडीवर गेलास. धाकट्याला ते अजून सलतं. दरवर्षी नारळी पौर्णिमेला किनाऱ्यावर सजवलेल्या होड्या बघितल्या की तो जंगलखात्याला शिव्या घालतो. सरकारने माझ्या बापाची होडी खाल्ली, म्हणतो. मी मनात म्हणायचे, सरकारने अर्धी खाल्ली, उरलेली चंद्राने.

काल त्या शेतकऱ्याने मला त्या दिवसाचं सांगितलं. तो कुऱ्हाड घेऊन तयार होता. गडी बोलावलेले होते. तू चांदण्याची सबब काढलीस तेव्हा तो तुला म्हणाला होता, "अरे, माज्या घराचे वासे मी पुनवेला तोडलेत, काय नाय झालं. चल, हात लाव." तू झाडाखाली बसलास. मग म्हणालास, "पोरगा आते कोरडा घरी येते. ऱ्हाऊ दे." आणि त्याला शपथ घातलीस की हे घरी कळता कामा नये, कारण पोरगं समजेल की बापाने त्याच्यासाठी होडी सोडली, आणि नोकरी टाकून परत येईल.

हे ऐकून मी त्याच्या ओटीवर रडले, बाबा. चिडण्याची इतकी सवय झाली होती की ती सुटताना त्रास झाला. तुझं जे सगळ्यात मोठं मागणं होतं ते तू एका दुपारी, कोणाला न सांगता सोडून दिलंस, आणि वर आमच्याकडून अडाणीही म्हणवून घेतलंस.

परतीच्या एसटीत मी ठरवलं होतं की घरी पोचताच धाकट्याला सांगायचं. तो जेवायला बसला होता. आपल्या नातवाला तो तुझ्या होडीची गोष्ट सांगत होता, सरकारने ती कशी होऊ दिली नाही याची. ऐकत उभी राहिले आणि आत निघून गेले. सांगितलं नाही. सांगेन असं वाटतही नाही. त्याला सरकारला शिव्या घालू दे. मी आयुष्यभर सरकारी खुर्चीत बसले आहे, मला त्यांची सवय आहे.