ओळख देणाऱ्याची सही

दादा, जयभीम.

तू गेल्याला दोन वर्षं होतील. इतक्या दिवसांत तुला उद्देशून एक ओळ लिहिली नाही. आज बसलोय ते शौकतच्या फोनमुळे. शौकत म्हणजे तुझ्या रुस्ताकच्या दुकानातला इस्त्रीवाला, दापोलीकडचा. त्याची ओळख तुला मी करून द्यायची म्हणजे कमालच आहे!

इथल्या ओमानी सरकारनं पुन्हा मुदत दिलीय. ज्यांच्याकडे इथं राहायचं कार्ड नाही, बताका नाही, त्यांनी पुढं येऊन अर्ज करायचा. दंड माफ. घरी जायचं तर घरी जा, नवा अर्बाब, म्हणजे आपल्या नावावर ठेवून घेणारा मालक, मिळत असेल तर कायद्यानं राहा. शौकतला अर्बाब मिळालाय. अडलंय ते मदतकेंद्राच्या अर्जातल्या एका रकान्यावर.

"भाऊ, ओळख देणाऱ्याची सही लागते. बताकेवाला माणूस पाहिजे. तुम्ही कराल काय? नाय म्हटलंत तरी चालेल."

मी म्हटलं, "कळवतो."

दादा, पुन्हा "कळवतो" म्हटलं रे मी!

शुक्रवारची, सुट्टीची दुपार आहे. वादी कबीरच्या या फ्लॅटमध्ये बायको आणि पोरगी जेवून आडव्या झाल्यात. मीही दमलोय, पण डोळा लागत नाही. तो रकाना तुझ्याही अर्जात होता.

तुझ्यासारखा शिंपी रुस्ताकच्या बाजारात दुसरा नव्हता, हे मी नाही, तिथले म्हातारे ओमानी सांगतात. इथल्या लोकांच्या पायघोळ दिशदाशाच्या गळ्याशी जो गोंडा लोंबतो ना, अत्तरात बुडवायचा, तो तू हातानं वळायचास. पहिल्या अर्बाबानं दुकान बंद केलं आणि तुला फरार म्हणून लिहून दिलं. तू कुठं फरार होतास? दोन महिने त्याच्याच कुलूपबंद दारासमोर बसून होतास! मग रुस्ताकला अबू सालेमच्या दुकानात मशीनवर बसलास आणि नऊ वर्षं तिथून हलला नाहीस. अशा माणसांना इथं सगळे खल्लीवल्ली म्हणतात, सोडून दिलेले. मीही म्हणायचो. तुझ्यासमोर नाही, एवढीच काय ती लाज राखली.

बाबा गेले तेव्हा मी विमानानं गावी गेलो. तू इस्त्रीच्या टेबलाला फोन टेकवून बाबांना शेवटचं पाहिलंस. मध्येच रेंज गेली. नंतर तू एवढंच विचारलंस, "खांदा कोणी कोणी दिला?" मी नावं सांगितली. तू ती परत एकदा सांगायला लावलीस.

आता जे लिहितोय ते तुला माहीत नाही.

बौशरच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर फिओना बसते. आयर्लंडची आहे, नकाशे तपासते. एकदा डबा खाताना तिनं तिच्या मामाचं सांगितलं. मामा तरुणपणी बॉस्टनला गेला आणि कागदांशिवाय तिथंच राहिला. घरांची छपरं घालतो. बाहेर पडला तर परत आत घेणार नाहीत, म्हणून आई मेली तरी गेला नाही. अंत्यविधी फोनवर पाहिला. तिच्या घरात यावरून कायमची भांडणं. फिओनाची आई म्हणते, आपली माणसं कष्टाची आहेत, अमेरिकेनं त्यांना कागद द्यायलाच हवेत. भाऊ म्हणतो, मग आपल्या गावातल्या खाटीकखान्यात मांस कापणारे परदेशी बिनकागदाचे आहेत, त्यांचं काय? त्यांना का नाही? आई चिडते. म्हणते, ते वेगळं.

मी हसून तिला आपली म्हण समजावून सांगितली. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. तिला फार आवडली, लिहून घेतली तिनं. आणि त्या मामाचं ऐकून, खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "बिचारा," म्हटलं मी. ज्याला कधी पाहिला नाही त्या माणसासाठी!

मग तिनं सहज विचारलं, "इथं तुमच्यातही असतात ना असे? तुझ्या ओळखीचं आहे कोणी?"

मी म्हटलं, "नाही."

दादा, तू तिथून दीड-दोन तासांवर मशीन चालवत होतास.

म्हणजे मी म्हणसुद्धा उलटी केली. दुसऱ्याचा तो बाब्या झाला आणि आपलं ते कार्टं!

त्याच वर्षी आपल्या इथल्या जयंती मंडळात वाद झाला. बिनकागदाच्या लोकांना कायद्यानं राहता यावं म्हणून आपण वकिलातीकडे विनंतीपत्र द्यायचं का? मी सेक्रेटरी. उभा राहिलो आणि म्हणालो, आपण रांगेत उभं राहून रीतसर आलो, नियम म्हणजे नियम, सुक्याबरोबर ओलंही जळेल. टाळ्या पडल्या. पत्र गेलं नाही. तुला हे कोणी ना कोणी सांगितलं असणारच. तू कधी विषय काढला नाहीस. का नाही काढलास? एकदा तरी शिवी घालायचीस रे!

आणि जयंती. हॉलवाल्याला येणाऱ्यांची यादी लागायची, नावापुढं बताक्याचा नंबर. यादी मीच टाइप केली. स्टेजमागचा निळा पडदा आणि पंचशील ध्वज तू शिवून आणले होतेस, काय सुरेख टाके होते! ते आत लागले आणि तू गाडीत बसून राहिलास. माझ्या पोरीनं तिच्या मोडक्या मराठीत विचारलं, "बाबा, काका आत का नाय येत? त्याचा नाव नाय लिस्टमध्ये?" मी तिला दटावलं. कार्यक्रम संपल्यावर आलो तर तू म्हणालास, "वंदना इथवर ऐकू आली. मी पण म्हटली." तुला जेवणाचं पाकीट दिलं आणि मोठं काही केल्यासारखं वाटलं मला.

मग ती मुदत आली. अबू सालेम तुला आपल्या नावावर घ्यायला तयार होता. अर्ज भरून तू वादी कबीरला आलास, याच टेबलाशी बसलास. एक रकाना कोरा होता. ओळख देणाऱ्याचं नाव, बताक्याचा नंबर, नातं, सही. मी कागद उलटसुलट केला आणि विचारलं, "माझ्या बताक्याला काही होणार नाही ना?"

तू माझ्याकडे पाहिलंस. मग घडी घालून कागद खिशात ठेवलास. "राहू दे सिदू. पोरीची शाळा हाय तुझी. दुसरा कोण बघतो."

मी म्हटलं, "तसं नाही. ऑफिसात विचारतो आणि कळवतो." विचारलंच नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला, मुदत संपली. फोनवर तू म्हणालास, पुढल्या वेळी बघू. तुला दुसरा कोणी मिळाला नाही, कारण तू दुसऱ्या कोणाला विचारलंच नव्हतंस. हे शौकतनं सांगितलं, तू गेल्यावर. तू त्याला म्हणाला होतास, भाऊ असताना लोकांकडे कशाला जायचं?

पुढली वेळ यायच्या आधीच, एका सकाळी, मशीनवर तुझी मान खाली गेली. अबू सालेमनं फोन केला. रडत होता. त्याच्या नातवाच्या दिशदाशाचा गोंडा तुझ्या मुठीत होता.

वरातीमागून घोडं म्हणतात तसा मी धावलो. आणि काय सांगू तुला, जे कागद नऊ वर्षं झाले नाहीत ते चार दिवसांत झाले! सगळे अदबीनं वागले, कोणी अडवलं नाही. एका अर्जावर तोच रकाना होता. नाव, नंबर, नातं, सही. मी पेन घेतलं आणि लिहिलं, सख्खा भाऊ. या देशात तुझंमाझं नातं मी पहिल्यांदा लिहिलं, तेही तुझं प्रेत ताब्यात घेताना.

माझ्या बताक्याला काही झालं नाही, दादा. काहीसुद्धा झालं नाही.

आई अजून विचारते, "त्याला बाबांच्या वेळी येता आलं नाही, मग नंतरही जितेपणी एकदा का नाही आला?" मी सांगतो, काम होतं. ती मान हलवते. तिला पटत नाही, मला कळतं.

परवा फिओनाला सगळं सांगितलं. तिला वाटलं मी तिच्या मामाबद्दलच बोलतोय. मग कळलं तेव्हा ती म्हणाली, "तू तेव्हा नाही म्हणाला होतास." तिच्या लक्षात होतं. मंडळात आता पुन्हा वाद होईल, कोणाला कागद मिळावेत आणि कोणाला नाही. माझ्यात भाषण करायचा जोर उरलेला नाही. कोण बरोबर ते मला आजही नीट सांगता येणार नाही. सही तेवढी करता येते.

इथवर लिहून मध्येच शौकतला फोन केला. म्हटलं, रविवारी सकाळी आठला रुस्ताकला येतो, ऑफिसला रजा टाकलीय. तो म्हणाला, "भाऊ, ऑफिसात विचारलंत काय?" मी म्हटलं, नाही विचारलं, विचारणार पण नाही. मग म्हणाला, "इन्शाल्ला. मास्टरच्या मशीनवर कापड टाकून ठेवलंय मी, धूळ नाय बसू दिली."

तुला वचन देतो, दादा. रविवारी आधी सही करीन, चहा मग घेईन. आणि तिथूनच, तुझ्या मशीनपाशी बसून, आईला फोन लावीन आणि त्या कोऱ्या रकान्याचं सगळं सांगीन. ती जे बोलेल ते ऐकून घेईन.

तुझा अर्ज मी जपून ठेवलाय. शौकतला तो तुझ्या कातरीच्या खणात मिळाला होता. बाकी सगळं तुझ्या अक्षरात भरलेलं आहे. आज तो समोर घेऊन बसलोय. आता त्याचा काही उपयोग नाही, तरी भरतो.

ओळख देणाऱ्याचं नाव: सिद्धार्थ
नातं: सख्खा भाऊ
सही: तुझा सिदू