शॉकअप बदलले, पण

रविवार, संध्याकाळ. पाटण.

जुन्या जीपचे मागचे शॉकअप काढून आज अंगणातच नवे, हवेचे बसवले; धक्के कमी बसतात म्हणे. गंजलेला नट काढताना बोटं सोलली. सुमनचं कण्हणं थांबेल, एवढंच डोक्यात होतं. तीस वर्षांच्या संसारात कधी कण्हली नव्हती. मणक्यात गाठ निघाल्यापासून कराडच्या दवाखान्यात नेताना प्रत्येक खड्ड्याला कण्हते, आणि मी गाडीला शिव्या घालतो.

दुपारी तिला बसवून फाट्यापर्यंत नेऊन आणलं. गाडी पाळण्यासारखी चालली. मग नव्या, सपाट डांबरीवर ती का कण्हली?

"लय दुखतंय का गं?"

"न्हाई वं. गाडी झ्याक केलीसा," म्हणाली आणि तोंड खिडकीकडं फिरवलं.

म्हणजे खड्ड्यांचं नव्हतंच ते. आता काय बदलू मी?