सुजलेल्या पायांचा राजा

३ डिसेंबर २०२४, मंगळवार

राक्षसीण मिळाली.

नाटक ग्रीकांचं, अडीच हजार वर्षांपूर्वीचं. अश्वजित सरांनी आमच्या उमरखेडच्या मंडळासाठी त्याचं मराठी केलंय. आज भूमिका वाटल्या. राजा रिजवान. राणी अतिया. आणि मी स्फिंक्स – तोंड बाईचं, अंग सिंहिणीचं, पाठीला पंख. शहराच्या वाटेवर खडकावर बसते, येणाऱ्याजाणाऱ्याला कोडं घालते, उत्तर चुकलं की खाऊन टाकते. सर म्हणाले, तुला उठायचं नाही, चालायचं नाही, बसल्या जागी अख्खा प्रवेश तुझा. चांगल्या मनानेच म्हणाले.

घरी याडीला, म्हणजे आईला, सांगितलं. भाकर थापता थापता तिने फक्त एवढंच विचारलं, राक्षसीण काहून?

५ डिसेंबर

कोडं पाठ झालं. सकाळी चार पायांवर, दुपारी दोन, संध्याकाळी तीन – असा प्राणी कोणता? उत्तर : माणूस. रांगतं लेकरू, चालता गडी, काठी घेतलेला म्हातारा.

याडी सांगते, मी रांगलेच नाही. पाय जन्मापासून आत वळलेले, तळवे एकमेकांकडे तोंड करून. सातव्या वर्षी यवतमाळला ऑपरेशन झालं, तेव्हापासून काठी. म्हणजे माझी सकाळ, दुपार, संध्याकाळ – तीनच पाय. मग मी माणसात बसते की नाही? स्फिंक्सने मला विचारलं असतं, तर मीच तिला खाल्लं असतं.

६ डिसेंबर

सर विहारात. तालीम नाही.

९ डिसेंबर

आज ऑफिसात काम कमी होतं. नाटक पहिल्यापासून वाचून काढलं.

राजा-राणीला भविष्य सांगितलं जातं – हे पोर बापाला मारेल. म्हणून जन्मल्याबरोबर त्याचे घोटे टोचतात, पाय बांधतात आणि एका गुराख्याच्या हातात देतात – डोंगरात टाकून ये. गुराख्याला दया येते. तो पोर दुसऱ्या राज्यातल्या गुराख्याला देऊन टाकतो. तिकडे ते राजपुत्र म्हणून वाढतं. पुढे वाटेत एका म्हाताऱ्याशी भांडण होऊन त्याला मारतो – तोच बाप, पण याला ठाऊक नाही. मग कोडं सोडवतो, राक्षसीण मरते, शहर त्याला राजा करतं आणि विधवा राणीशी लग्न लावून देतं. ती आई. आणि मग तो स्वतःच खोदून खोदून सगळ्यांना विचारत बसतो, मी कोण म्हणून.

खाली सरांनी टीप दिलीय. राजाच्या नावाचा अर्थ – सुजलेल्या पायाचा.

ती टीप परत परत वाचली. अख्खं शहर त्या कोड्यापुढे हरलं. सगळे धड पायांचे! उत्तर दिलं ते पाय दुखणाऱ्याने. पाय किती, कसे, कोणाचे – हे त्याच्या डोक्यातून कधी गेलंच नसणार. माझ्याही जात नाही. एसटीत चढताना लोक माझे पाय बघतात, मी त्यांचे.

आणि आमचा राजा रिजवान चालतो कसा? कबड्डीच्या मैदानात उतरल्यासारखा.

१० डिसेंबर

सरांना सांगितलं, राजा मला पाहिजे.

सर म्हणाले, बाईने राजा करायचा? म्हटलं, तुम्हीच सांगितलं ना, तिकडे त्या काळी राणीचं काम बाप्येच करायचे. मग त्यांनी खरं ते विचारलं. राजा नाटकभर उभा असतो, सुरभी, झेपेल का तुला?

मी म्हटलं, "सर, त्या राजाचे पाय माझ्यासारखे होते. नाटकात मीच आहे. तुम्हाला माझ्यात राक्षसीणच काहून दिसली?"

आवाज माझा मलाच मोठा वाटला. सरांचा चेहरा उतरला. रिजवान बोलला, "सर, राजा तिलेच देऊन टाका. मले तो गुराखी द्या. डायलॉग बी कमी हायत त्याले."

घरी निघताना सर बसस्टॅंडपर्यंत सोबत आले. म्हणाले, तसा विचार मी केलाच नव्हता. आणि मग म्हणाले, केला नव्हता हेच चुकलं.

राजा माझा.

१८ डिसेंबर

पाय खरोखरच सुजले. याडीने मिठाच्या कोमट पाण्यात बुडवायला लावले. बा उकिडवे बसून स्वतः घोटे चोळत होते. विचारलं, नाटक कशाचं आहे? म्हटलं, एका राजाचं. या पाहायला.

२६ डिसेंबर

गुराख्याचा प्रवेश जमत नाही. राजा म्हाताऱ्या गुराख्याला धमकावून विचारतो, ते पोर कोणाचं होतं, बोल. रिजवान काकुळतीला येऊन हात जोडतो आणि माझा आवाज बसतो. सर म्हणतात, तू त्याच्यावर दया करतेस. राजाला ती सवड नाही.

५ जानेवारी २०२५, रविवार

झालं नाटक. शाळेचा हॉल भरला होता.

लंगडणं लपवलं नाही. काठी फळ्यांवर आपटायची, तेवढाच आवाज. सुरुवातीला मागची पोरं हसली. मग हसली नाहीत. गुराख्याच्या प्रवेशाला रिजवान खरंच थरथरत होता. "दया आली महाराज, म्हणून नाही टाकलं." आज माझा आवाज बसला नाही. तेवढ्यात बा खुर्चीवरून उठले आणि बाहेर निघून गेले. मी संवाद चुकले नाही.

शेवटी राजा स्वतःचे डोळे फोडून, आंधळा होऊन निघतो. पडदा पडल्यावर बाया येऊन माझे हात धरत होत्या. बा बाहेर ऑटोजवळ उभे.

७ जानेवारी

बा जेवत नाहीत. याडी म्हणते, थंडी बाधली. पण त्यांच्याकडे बघत नाही.

९ जानेवारी

आज बांनी अंगणात बोलावलं. विचारलं, त्या गुराख्याचं पुढे काय झालं? म्हटलं, नाटकात सांगितलं नाही. घरी गेला असेल.

मान हलवली. मग झोपायला गेले.

१० जानेवारी

बा सकाळी बोलले. आमच्या गोरबोलीत, हळू आवाजात. मी जन्मले तेव्हा ते महागावकडे गावाची ढोरं चारायचे. एका मोठ्या घरच्या म्हातारीने फडक्यातलं लेकरू त्यांच्या हातात दिलं. पाय वाकडे होते. डोंगरात ठेवून ये, म्हणाली. ते डोंगराकडे गेलेच नाहीत. तांड्यावर आले. याडीला मूल नव्हतं.

"त्या घराचं नाव सांगू का?"

सांगा म्हटलं. सांगितलं. ओळखीचं आहे. इथे लिहीत नाही.

याडी चुलीपाशी पाठ करून बसली होती. तिच्या शेजारी जाऊन बसले, ताट पुढे केलं. म्हटलं, याडी, भूक लागली.