पडद्यावरच्या मॅडम

सप्तापूर, धारवाड
ऑगस्ट २००६

आदरणीय मॅडम,

तुम्ही बंगळूरहून आमच्या स्मृतीला नर्सिंग शिकवता, उपग्रहामार्फत, कॉलेजातल्या पडद्यावर. पहिल्या दिवशी तुम्ही दिसताच सगळ्या मुली उठून उभ्या राहिल्या. तुम्हाला त्या दिसत नव्हत्या, त्यामुळे तुम्ही ‘बसा’ म्हणाला नाहीत. तास संपेपर्यंत सगळ्या उभ्याच! गुरुजींनी सांगितल्याशिवाय बसायचं नाही, हे मी खेड्यातल्या शाळेत शिकलो आणि लेकीलाही तेच शिकवलं.

घरी येऊन ती पाय चोळत म्हणाली, “अप्पा, मी कॉलेज सोडते. मला काही कळलं नाही, आणि कळलं नाही हे मॅडमना दिसतही नाही.”

“माइक ठेवलाय ना? विचार की.”

“पडद्याशी कसं बोलायचं?”

“मी रोज तसबिरीतल्या व्यंकटेशाशी बोलतोच ना?”

“पण तो कुठं उत्तर देतो?” आमच्या मंडळींनी स्वयंपाकघरातून टोमणा मारला.

स्मृतीला हसू फुटलं. “मॅडम तरी देतील.”

मुलींना बसायला सांगा, अशी विनंती करायला मी हे पत्र लिहायला घेतलं होतं. पण आज स्मृतीनंच माइक धरून विचारलं, “मॅडम, आम्ही बसू का?” तुम्ही म्हणे खूप हसलात आणि नाडीचा धडा पुन्हा समजावलात. संध्याकाळपासून ती गल्लीतल्या सगळ्यांची नाडी बघत फिरते आहे.

आता पत्राची गरज उरली नाही, तसबिरीमागं ठेवतो. उद्यापासून व्यंकटेशाशी मीही बसूनच बोलेन म्हणतो. त्यानंही मला कधी ‘बस’ म्हटलेलं नाही.

तुम्हाला मात्र उभ्यानंच नमस्कार.

प्रभंजन
(स्मृतीचे अप्पा)